तुम्ही विचारलंत म्हणून: वाड्याच्या चौकातली काळी फरशी

‘चौकातली काळ्या दगडाची फरशी खचलीय, पाणी साचतं. उखडून शहाबादी किंवा सिमेंटचे ब्लॉक टाकावेत का?’ वाडा सांभाळणारे पुष्कळजण हे विचारतात. आमचं उत्तर ठाम आहे: नको. सहसा दगड खराब झालेला नसतो, त्याच्या खालची बैठक गेलेली असते. दख्खनचा घट्ट काळा पाषाण पाणी फारसं पीत नाही. शहाबादी हा थरांचा चुनखडक. उघड्यावर ऊनपावसात त्याचे पापुद्रे सुटतात. सिमेंटनं सांधे बंद केले की जमिनीतली ओल भिंतीकडे वळते आणि विटामातीच्या भिंतींना लोणा लागतो, म्हणजे क्षार फुटून त्या झडतात. शिवाय पुढे एखादी नळी दुरुस्त करायची झाली, तर सिमेंटात बसलेला दगड फोडल्याशिवाय निघत नाही.

उचलण्याआधी प्रत्येक दगडावर गेरूनं आकडा घाला, तोच आकडा कागदावरच्या नकाशात मांडा. पहार थेट कडेला लावली तर टवका उडतो. मध्ये लाकडाचा तुकडा धरा.

खरं काम खाली आहे. दगडाच्या बुडापासून नऊ-दहा इंच खणा. काळी माती लागली तर ती सगळी काढा, मग खोली वाढली तरी चालेल. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि फरशी खचते ती बहुधा याच मातीमुळे. मुरूम चार-चार इंचांच्या थरांनी भरा, पाणी शिंपडून प्रत्येक थर धुमसानं ठोका. एकदम फूटभर ओतून वरून ठोकलेला मुरूम पहिल्याच पावसात बसतो. त्यावर तीन इंच विटांची रोडी (फोडलेले तुकडे) आणि चुना, मग इंचभर चुन्याचा गिलावा, त्यावर दगड. मोरीकडे दहा फुटांना दीड इंच उतार हवा. तो पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं तपासा, नजरेवर विसंबू नका. चौकाची जुनी पातळी मात्र वाढवू नका. वाढली की पाण्याचे शिंतोडे तळखड्यावरून (खांबाखालच्या दगडावरून) लाकडी खांबाच्या बुडाशी पोचतात आणि खांब कुजतो.

चुना कळीचा, म्हणजे न विरवलेला, घ्या. भिजवताना तो उकळतो, डोळ्यांना चष्मा लावा. किमान पंधरा दिवस पाण्याखाली मुरू द्या, मग गाळा. मापानं एक भाग चुना, एक भाग सुर्खी (विटांची पूड), दोन भाग वाळू, आणि मिश्रण चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, चांगलं मळलेलं. करपलेल्या विटांची सुर्खी चुन्याशी नीट जुळत नाही.

सांधे सहा-आठ मिलिमीटरचे, तळापर्यंत भरलेले. वरवर लिंपलेला सांधा निखळतो. ओलं गोणपाट दोन आठवडे राहू द्या. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिलच्या उन्हात चुना धरण्याआधीच सुकतो आणि त्याचा भुगा होतो.

कमी पडलेले दगड पाडलेल्या वाड्यांच्या मालातून शोधा. खाणीतून घेताना हातोडी मारून बघा: खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला किंवा जाळीदार दिसला तर सोडा. यंत्रानं कापलेला गुळगुळीत दगड पावसाळ्यात घसरतो. पाथरवटाकडून वर टाकी मारून, म्हणजे छिन्नीनं टोचून, खरखरीत करून घ्या. पहिला पावसाळा सरल्यावर सगळे सांधे तपासा आणि रिकामे झालेले त्याच मिश्रणानं भरा.