ख ख्रिस्ताचा नको, खजुराचा घ्या

जूनपासून आमच्या चर्चच्या संडेस्कूलचा सगळ्यात लहान वर्ग माझ्याकडे आलाय. चार ते सहा वर्षांची चौदा मुलं, जवळजवळ सगळी इंग्लिश मीडियमची. ए फॉर अॅपल झोपेतसुद्धा म्हणतील पण क कुठला आणि फ कुठला विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत बसतात. घरी मराठीच बोलतात, प्रार्थना मराठीत, गाणी 'उपासना संगीत'मधली मराठीत, सगळं तोंडपाठ, फक्त वाचता येत नाही. म्हणजे उद्या मोठी झाली की उपासनेत बायबल हातात धरून नुसती पानं उलटणार. म्हणून पाळकसाहेबांना म्हटलं, गोष्ट सांगून झाली की मला वीस मिनिटं अक्षरांसाठी द्या, ते लगेच हो म्हणाले.

मग काय, उत्साहात मी रात्री जागून चार्ट केला. प्रत्येक अक्षराला बायबलमधलाच शब्द पाहिजे असा हट्ट. ख ख्रिस्ताचा, प प्रभूचा, त त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. दिसायला एकदम भारी, दोघीतिघींनी व्हॉट्सअॅपवर फोटोपण मागितला. आणि वर्गात पहिल्याच रविवारी आपटला. कारण ख्रिस्त या शब्दात पोरांना आधी वेलांटी दिसते, मग ख ला चिकटलेला र, ख बिचारा कुठेतरी मध्ये अडकलेला. एक मुलगी बराच वेळ बघून म्हणाली, टीचर यातला ख कुठंय? बरोबरच होतं तिचं. अक्षर शिकवताना ते कानाला सुटं ऐकू आलं पाहिजे आणि डोळ्याला सुटं दिसलं पाहिजे, शब्द कितीही पवित्र असला तरी त्याचा इथे उपयोग नाही. मग ख खजुराचा केला, झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे पाम संडेला, हातात धरतो ती झावळी काढली. प पाळण्याचा. त तारवाचा, म्हणजे नोहाचं तारू, ते सगळ्यांना आवडतं कारण त्यात हत्ती असतो. ट टोपलीचा, पाच हजार लोक जेवून उरलेल्या बारा टोपल्या. आणि भ भाकरीचा, हे चित्र मी मुलांनाच काढायला सांगितलं तर एकाने पाच भाकरी, दोन मासे आणि शेजारी ठेचा काढला. आम्ही नगरचे, भाकर म्हटलं की बाजरीची, मी खोडलं नाही.

शब्द निवडताना मला नेहमी पंडिता रमाबाई आठवतात. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणलं, ते विद्वानांसाठी नाही तर साध्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून, त्यामुळे जड शब्द टाळत टाळत. १९२२ साली त्या गेल्या आणि अख्खं बायबल छापून आलं १९२४ला. त्या बाईने एवढे कष्ट घेतले आणि मी चार वर्षांच्या पोराला त्रैक्य वाचायला लावत होते, कमाल आहे माझी.

आता आवाजाचं बघा. लोक म्हणतात मराठीत फोनिक्सची, म्हणजे अक्षरांचे आवाज वेगळे शिकवायची, गरज नाही, जसं लिहितो तसंच बोलतो. कोण म्हणतं? च, ज, झ घ्या ना. आमच्या मुलांना योहान ३:१६ पाठ असतं, 'देवाने जगावर एवढी प्रीती केली' वालं. मी त्यांना तेच म्हणायला लावलं आणि सांगितलं, ज आला की टाळी. जगावर, टाळी. जो कोणी, टाळी. शेवटी सार्वकालिक जीवन, तिथे निम्मे थांबले, कारण जीवनचा ज वेगळा आहे, जगावर मधला दाताजवळचा आणि जीवन मधला जीभ वर टाळूला लागणारा. अक्षर एक, आवाज दोन. मी काही नियम सांगितला नाही, नुसतं तोंडावर हात ठेवून दोन्ही म्हणून बघा म्हटलं, त्यांनी आळीपाळीने ज, ज करत इतका दंगा केला की शेजारच्या वर्गातून निरोप आला.

य ची गंमत तर वेगळीच. शाळेत जे फॉर जीझस ऐकलेलं आणि इथे य येशूचा, तर एकाने विचारलं, जीझस वेगळा आणि येशू वेगळा का? मूळ हिब्रू नाव य नेच सुरू होतं, इंग्लिशमध्ये पुढे त्याचा जे झाला, एवढंच सांगितलं. मग फळ्यावर जोड्या लावल्या. जेकबचा याकोब, जोनाचा योना, जोसेफचा योसेफ, जॉनचा योहान. वर्गात एक जोएल आहे, तो त्यानंतर दोन आठवडे घरी योएल म्हटल्याशिवाय ओ देत नव्हता, त्याच्या मम्मीने मला फोन केला.

फोनवरून आठवलं. दुसऱ्या एका मुलाच्या आईचं म्हणणं, अंकलिपीत ग गणपतीचा आहे, तुम्ही तो खोडायला लावा ताई. मी म्हटलं, इथे ग गव्हाणीचा शिकवते पण खोडायला नाही लावणार. मीपण ग गणपतीचाच गिरवलाय आणि त्याच ग ने पुढे गव्हाण वाचली. शेजारपाजारच्या मुलांबरोबर खेळतो तो, त्यांच्या घरी मोदक खातो, आणि आता अक्षरावरून भांडायचं? त्यांना पटलं नाही बहुतेक, पण मुलगा येतोय.

ण आणि ळ ने कुठला शब्द सुरूच होत नाही, तिथे सगळेच अडतात. ण गोफणीचा केला, दावीद आणि गल्याथ, मग मुलं हात गरागरा फिरवत ण, ण ओरडतात. ळ मेंढपाळाचा. शेवटचं अक्षर लांबवून म्हणायचं, मेंढपाळळळ, त्यात जीभ मागे वळते ती त्यांना फार आवडते.

लिहायला वही देत नाही. स्वयंपाकघरातली मोठी परात, त्यात बारीक वाळू, बोटाने गिरवायचं. शुभवर्तमानांत येशू लिहिताना एकदाच दिसतो, तोही बोटाने, जमिनीवर, हे सांगितल्यापासून परातीसाठी रांग लागते. वाळू घरी सगळ्यांच्या खिशातून जाते त्याबद्दल पालकांनी माफ करावं.

मागच्या रविवारी त्यांना स्तोत्र ११९ दाखवलं. एकशे शहात्तर वचनं, हिब्रूच्या बावीस अक्षरांप्रमाणे आठ आठची बांधलेली, माझ्या बायबलमध्ये वर आलेफ, बेथ, गीमेल अशी नावं आहेत. ख वाली तीच मुलगी म्हणाली, म्हणजे बायबलमध्येपण अंकलिपी आहे! हो म्हटलं. मग तिने बोट ठेवत ठेवत बावीस नावं मोजली, मी वाचून दाखवत होते, आणि शेवटी विचारलं, यात ळ कुठंय? नाही म्हटलं त्यांच्यात ळ. मग ते मेंढपाळ कसं म्हणतात?

पाळकसाहेबांना विचारून सांगते म्हटलंय.