जपानला पहिल्यांदा जाताय? मग सुशीवरच थांबू नका

टोकियो, हिरोशिमा, ओसाका आणि क्योटो असा प्रवास नुकताच करून आलो. पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे: ज्या गावाचा जो पदार्थ, तो त्याच गावात खा.

टोकियोत सुशीसाठी त्सुकिजीला सकाळी लवकर पोचा. घाऊक मासळीबाजार 2018 मध्ये तोयोसूला हलला, पण बाहेरचा किरकोळ बाजार अजून तिथेच आहे आणि दुपारपर्यंत बरीच दुकानं आवरतात. कच्चा मासा नको असेल, तर तिथलंच गोडसर तामागोयाकी, म्हणजे अंड्याची जाड गुंडाळी, गरमागरम घ्या. रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या नूडल्सच्या, लहान दुकानांत दाराशी यंत्र असतं. आधी पैसे टाकायचे, बटण दाबून तिकीट घ्यायचं आणि ते आत द्यायचं. जुनी यंत्रं फक्त नाणी आणि हजार येनची नोट घेतात, म्हणून सुटे जवळ ठेवा.

हिरोशिमात ओकोनोमियाकी चुकवू नका. पातळ पापुद्र्यावर कोबीचा ढीग, डुकराचं मांस, नूडल्स आणि अंडं असे थर तुमच्यासमोर तव्यावर चढतात. ओसाकात हाच पदार्थ सगळं पिठात कालवून करतात. मला हिरोशिमाचा जास्त आवडला. थरांमुळे कोबीची गोडी वेगळी कळते.

पण पोट खरं राखून ठेवावं ते ओसाकासाठी. ताकोयाकीचा तवा म्हणजे थेट आपलं आप्पेपात्र! आत ऑक्टोपसचा तुकडा, वर सॉस आणि माशाचे तरंगणारे पापुद्रे. बाहेरून खरपूस असला तरी आतला गर उकळता असतो, तेव्हा गोळा फोडून वाफ जाऊ द्या. 1935 पासून ताकोयाकी करणाऱ्या आइझुयामध्ये तो सॉसशिवाय देतात. पिठातल्या दाशीची, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या मूळ रसाची, चव तिथे नीट लागते. शिनसेकाई भागात कुशिकात्सू खा, म्हणजे काडीवरचे तळलेले मासे, मांस, भाज्या. सॉसचं भांडं सगळ्यांचं मिळून असेल, तर काडी एकदाच बुडवायची. हा नियम तिथे फार कसोशीने पाळतात.

आता शाकाहारी मंडळींसाठी. अडचण मांसाची कमी आणि दाशीची जास्त. हा रस बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचा असतो आणि मिसो सूपपासून उडोन नूडल्सपर्यंत सगळीकडे असतो. त्यामुळे ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’ (मांस आणि मासे खात नाही) एवढं म्हणून भागत नाही. दाशीचंही वेगळं विचारा. क्योटोत नानझेनजी मंदिराच्या आसपास युदोफू, म्हणजे कोम्बू या समुद्री शेवाळाच्या पाण्यात गरम केलेलं मऊ तोफू मिळतं. सोबतच्या सॉसमध्ये मासा आहे का, तेही विचारून घ्या. सगळ्यात निर्धास्त जेवण म्हणजे बौद्ध मठांतलं शोजिन ऱ्योरी. त्यात कांदा-लसूणही नसतो. बहुतेक ठिकाणी आधी नोंदणी लागते, त्यामुळे क्योटोचा मुक्काम ठरला की लगेच हे जेवण सांगून ठेवा.