मुलांना सांगताना, आणि सांगून झाल्यावर

घटस्फोटाचं मुलांना आई-बाबांनी एकत्र बसून सांगावं, तेही निर्णय पक्का झाल्यावरच. लहान मुलांना वेगळं राहायला जाण्याच्या एक-दोन आठवडे आधी सांगितलं तरी चालतं. मोठ्यांना जरा लवकर, कारण घरात बिनसलंय हे त्यांनी केव्हाच ओळखलेलं असतं. झोपायच्या वेळी किंवा परीक्षेच्या आदल्या दिवशी नको. सुट्टीच्या सकाळी सांगा, म्हणजे रडायला आणि पुन्हा पुन्हा विचारायला अख्खा दिवस मिळतो.

कारणं दोन वाक्यांत आटपा. मुलांचे प्रश्न वेगळेच असतात: मी कुठे झोपणार, शाळेत कोण सोडणार, मांजर कुणाकडे? जे ठरलं नसेल ते 'अजून ठरलं नाही' असंच सांगा.

तीन ते सात वर्षांच्या मुलाला आपण हट्ट केला म्हणून बाबा गेले, असं खरोखर वाटू शकतं. त्या वयात आजूबाजूचं सगळं मूल स्वतःशी जोडतं. त्यामुळे 'तुझ्यामुळे नाही' हे एकदा सांगून भागत नाही, काही महिने सांगत राहावं लागतं. सुटलेली सवय परत येते, अंथरूण ओलं होतं. रागावू नका.

मुलाच्या तोंडी धाडलेला निरोप फार नुकसान करतो. 'बाबांना सांग, फी भरायची राहिलीय' म्हटलं की बाबांचा वैताग झेलायला समोर मूलच असतं. पैसे, वेळा, औषधं हे सगळं मोठ्यांनी थेट एकमेकांना मेसेज करून ठरवावं. 'तिकडे काय झालं?' ही उलटतपासणीही नको. मग मूल दोन्हीकडे वेगवेगळं सांगू लागतं. तो खोटारडेपणा नव्हे, कुणालाच दुखवायचं नाही म्हणून केलेली धडपड असते.

दुसऱ्या घरून आलेलं मूल चिडचिड करतं. तिकडे त्याला वाईट वागवलं, असा अर्थ लगेच काढू नका. बहुतेकदा घर बदलण्याचाच ताण असतो. पहिला अर्धा तास प्रश्न नकोत, खायला द्या, एकटं राहू द्या. ब्रश, चार्जर, घरचे कपडे दोन्हीकडे ठेवले तर बॅग भरायचं ओझं कमी होतं.

किशोरवयीन मुलांना 'आता घरातला मोठा तूच' असं कधीही म्हणू नका. आपलं दुःख मोकळं करायला मित्र किंवा समुपदेशक शोधा. मुलांचे क्लास, मित्र सांभाळून, कुठल्या घरी कधी राहायचं याचं वेळापत्रक सैल ठेवा. समोर बसवून ही मुलं बोलत नाहीत. भांडी आवरताना, गाडीत शेजारी बसल्यावर बोलतात.

झोप, भूक, अभ्यास दोन-तीन आठवडे बिघडलेलेच राहिले तर बालमानसतज्ज्ञांना भेटा. स्वतःला इजा करण्याचा विषय निघाला तर मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि दुसऱ्या पालकालाही लगेच कळवा.