तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं आधीच ठरलेलं असतं का?

पदार्थविज्ञान शिकवते म्हटलं की लग्नाकार्यात, रिक्षात, परवा तर मंडईत मटार निवडताना हाच प्रश्न. ‘मॅडम, सगळं आधीच ठरलेलं असतं की नुसता योगायोग?’ आणि उत्तर एका वाक्यात हवं.

पूर्वी मी ते देत असे. ‘योगायोग.’ ठणकावून.

मग आईला थायरॉइडचा कॅन्सर झाला. ऑपरेशननंतर किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली. घरी आणल्यावर काही दिवस ती सदाशिव पेठेतल्या आमच्या आतल्या खोलीत एकटी. मी उंबऱ्याशी ताट ठेवून मागे सरकायची, मग ती उचलायची. तिसऱ्या रात्री ताट तसंच राहिलं. आतून म्हणाली, ‘मी कुणाचं वाईट केलं होतं का गं?’

मी लांब पाटावर बसून शिकवायला लागले. आयोडीन-१३१चे निम्मे अणू आठ दिवसांत फुटतात हे पक्कं. पण त्यातला कुठला, कधी, हे कुणालाच सांगता येत नाही. पेशींतही तशाच चुका होतात. कारण शोधू नकोस.

बराच वेळ आवाज नाही. मग, ‘म्हणजे उगाचच?’ ताट तिने हाताने बाहेर सरकवलं. वरणावर साय धरली होती. ‘त्यापेक्षा प्राक्तन बरं होतं.’

मी खोटं बोलले नव्हते. पदार्थवैज्ञानिक जॉन बेल यांनी १९६४ साली दाखवलेल्या वाटेने झालेल्या प्रयोगांनी ‘कणाच्या पोटात उत्तर आधीच दडलेलं असतं’ ही सरळ समजूत मोडली; क्लाउझर, अस्पे, झायलिंगर यांना २०२२चं नोबेल त्याचंच. पण डेव्हिड बोम या पदार्थवैज्ञानिकाची १९५२ची मांडणी याच प्रयोगांत टिकते, आणि तिच्यात सगळं ठरलेलं असतं! फक्त दूरदूरच्या कणांचा एकमेकांवर तत्क्षणी परिणाम होतो, हे मानावं लागतं. योगायोग माना की बोमची मांडणी, प्रयोगांतले आकडे तेच येतात. हे मला तेव्हाही माहीत होतं. शिवाय पेशीतली चूक आणि अणूचं फुटणं मी एकाच मापाने मोजलं, तीही घाईच.

मग तेव्हा तिला काय सांगायला हवं होतं? ‘ठरलेलं असेल’ म्हटलं असतं, तर पुढे ‘कुणी ठरवलं?’ आलं असतं. त्याचं उत्तर बोमकडेही नाही.

आई आता बरी आहे. दरवर्षी रिपोर्ट आणायला जाताना सारसबागेच्या गणपतीला थांबते. मी बाहेर तिच्या चपलांपाशी उभी असते. बोमचं तिला अजून सांगितलेलं नाही.