हाताने की कॉम्प्युटरवर?

मी पाट्यांची, पत्रिकांची अक्षरं काढते. ती हाताने की कॉम्प्युटरवर, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नपत्रिका ठरवायला आलेले वधूपिता असोत की आपल्या नाशिकच्या मेन रोडवरचे कापड दुकानदार, माझं अक्षर पाहिलं की पहिला प्रश्न हाच येतो: "हे हाताने काढलंत की कॉम्प्युटरवर?" मी "दोन्ही" म्हणते आणि समोरच्याचा चेहरा जरा उतरतो. दोन्हीपैकी काहीतरी एकच ऐकायची त्यांची तयारी असते. दुकानात उभ्याउभ्या जे सांगता येत नाही, ते इथे सांगते.

मी अक्षर शिकले भद्रकालीतल्या एका पेंटरकाकांकडे. ते पत्र्याच्या पाट्या ऑइलपेंटने रंगवायचे. खडू फासलेली दोरी ताणून टिचकी मारायची, पत्र्यावर सरळ रेघ उमटायची, आणि मग एकेक अक्षर त्या रेघेला टांगायचं. पण ब्रशला हात लावू देण्याआधी त्यांनी मला दोन महिने बोरूवर, म्हणजे काडीच्या लेखणीवर, बसवलं. बोरू तासायचा, टोक तिरपं कापायचं, शाईत बुडवून 'ग म भ न' गिरवायचं. शंभरदा गिरवलं तरी काका म्हणत, "काप चुकलाय, आधी तो बघ."

सगळं त्या कापात आहे. इंग्रजी अक्षरांच्या कटनिबेचा काप एका बाजूला उतरतो, देवनागरीच्या बोरूचा त्याच्या बरोबर उलट. म्हणून आपल्याकडे वरून डावीकडे उतरणारी रेघ जाड येते आणि वरून उजवीकडे उतरणारी बारीक. इंग्रजीत नेमकं उलट. हे कुणी ठरवून सजवलेलं नाही, टोकाच्या तिरपेपणातून आपोआप आलेलं आहे. आपल्या डोळ्याला ते इतकं सवयीचं आहे, की चुकलं तर काय चुकलं ते सांगता येत नाही, नुसतं खटकतं.

टॅबलेट घेतला तेव्हा हेच माझ्या हातून निसटलं. एका मिठाईच्या दुकानाचं नाव मी थेट स्क्रीनवर लिहिलं, आठ फूट लांबीचं छापून घेतलं आणि कौतुकाने काकांना दाखवायला नेलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, अक्षर उलटं चाललंय." ॲपमधल्या कॅलिग्राफी ब्रशचा कोन ४५ अंशांवर होता, म्हणजे इंग्रजीचा. मी तो १३५ केला, तेच नाव पुन्हा लिहिलं, आणि अक्षर जागेवर बसलं. त्या दिवशी मला कळलं की यंत्रात कुणाचा तरी हात आधीच भरलेला असतो. आपला भरायचा तर तो आधी आपल्याकडे असावा लागतो.

त्यामुळे "कॉम्प्युटरने कला मेली" हे मला पटत नाही. एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेस आली, तेव्हा पोथी लिहिणाऱ्याचंच वळण दगडावरून कागदावर छापलं गेलं. यंत्र नवं होतं, बोरू जुनाच. आपल्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रकला, फोटोग्राफी, छपाई अशा वाटांनी फिरून सिनेमाकडे गेले. त्यांना कुणी "हाताने की यंत्राने" असं विचारलं असेल का, हा विचार माझ्या मनात येतो. विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी स्वतः सुलेखनकार होते, कवीही होते. मला मात्र फसवणूक वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तयार फॉन्टच्या कडा मुद्दाम खरखरीत करून तो 'हाताने लिहिलेला' म्हणून विकतात, तिथे हातही नसतो आणि कॉम्प्युटरचं खरं कामही नसतं.

कॉम्प्युटरचं खरं काम कुठे लागतं ते आपल्या गावाच्या नावातच बघा. 'नाशिक'मध्ये 'श' आहे. मराठीचा देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' हिंदीपेक्षा वेगळे. राज्य शासनाने २००९ साली मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली तेव्हा हीच रूपं धरली. पण कॉम्प्युटरच्या लेखी दोन्ही 'श' एकच. फॉन्टमध्ये मराठी रूपाची सोय असली आणि मजकूर मराठी आहे हे त्याला सांगितलं, तरच आपला 'श' उमटतो. नाही तर आपल्याच गावाची पाटी परक्या वळणात लागते. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी गावभर नव्या पाट्या लागतायत, आणि मी प्रत्येक पाटीचा 'श' बघत चालते.

सध्या माझ्याकडे त्र्यंबकच्या एका धर्मशाळेचं काम आहे. 'त्र्यंबकेश्वर' हे नाव सुरुवातीलाही अवघड आणि शेवटीही. मी ते बोरूने कागदावर तीस-चाळीस वेळा लिहिलं, त्यातली चार निवडून स्कॅन केली आणि आता स्क्रीनवर एकेका बिंदूने वळणं ओढतेय. 'त्र्यं' जमलं. अडलंय 'श्व'वर. काकांच्या पद्धतीने 'व' 'श'च्या खाली टांगला, तर पाटीवर फार देखणा दिसतो, पण पावतीवर छापला की 'व'चं पोट शाईने भरून जातं. शेजारीशेजारी ठेवला तर वाचता येतो, पण सगळा डौल जातो. म्हणून दोन 'श्व' करतेय, एक पाटीचा आणि एक पावतीचा, दोघे भाऊ वाटतील असे.

काकांचा हात आता थरथरतो, ब्रश धरवत नाही. नजर मात्र तशीच आहे. रविवारी ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि स्क्रीनला बोट न लावता नुसतं हवेत वळण काढून दाखवतात. परवा म्हणाले, "पाटीचा झाला. पावतीचा अजून उपाशी दिसतोय, त्याला थोडं पोट दे." मी बिंदू ओढला. ते मान हलवत म्हणाले, "नाही, अजून."