काकाजी आणि १४४१६

परवा काटोलला गेलो तर काकाजी आंबिया बहाराची गळलेली संत्री पायानं ढकलत बसले होते, चहा बाजूला गार झालेला. तब्येत विचारली तर म्हणे, "तब्येतीले काय होते बाप्पा, झोप येत नाही फक्त." आपल्याकडे 'टेन्शन आहे' असं सरळ कोणी म्हणत नाही, डोकं दुखते, भूक नाही असंच सांगतात आणि गोळ्या ॲसिडिटीच्या घेतात! कर्ज, उसनवारी, त्यात ही फळगळ, मी नागपुरात एसीत बसणारा काय समजावणार? शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावून दिला, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आधी चिडले, "मी येडा आहो काय?" मग फोन घेऊन शेताच्या धुऱ्यापर्यंत गेले ते वीस मिनिटं आलेच नाहीत. आल्यावर म्हणे, "चहा गरम कर."