जानेवारीत कांद्याची गाडी घेऊन श्रीनगर: बर्फात ट्रक रुतू नये म्हणून

नाशिककडचे बरेच चालक जम्मूपर्यंतचं भाडं डोळे झाकून घेतात आणि पुढे श्रीनगर म्हटलं की मागे सरतात. भीती खोटी नाही. पण तयारी केली तर जाता येतं. यंदा जानेवारीत पिंपळगाव बसवंतहून कांदा भरला, श्रीनगरच्या परिमपोरा मंडीत उतरवला आणि येताना पुलवामाकडून सफरचंद आणलं. सोबतीला चुलतभाऊ होता. पुढच्यांना उपयोग व्हावा म्हणून जे पाहिलं, जे केलं ते लिहितोय.

आधी मुद्द्याची गोष्ट. बर्फात चालती गाडी सहसा अडकत नाही, थांबलेली गाडी अडकते. त्यामुळे कुठे थांबायचं, कसं थांबायचं आणि परत कसं उठायचं, याचाच विचार सारखा डोक्यात हवा. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याचे असतात, तिथे त्याला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. डिसेंबर 2024 मध्ये श्रीनगरला उणे 8.5 अंशांपर्यंत पारा उतरला होता. आपल्याकडे रेडिएटरमध्ये वरचेवर नुसतं पाणी ओतायची सवय असते, ती इथे इंजिन फोडेल. निघण्याआधी पाणी पूर्ण काढून निम्मं कूलंट, निम्मं पाणी भरून घ्या. दुसरं, ब्रेकच्या हवेच्या टाकीत पाणी साठतं. ते रात्री गोठलं की सकाळी ब्रेक सुटत नाहीत. रोज मुक्कामाला टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोडायचं, हवेतला ओलावा शोषणाऱ्या एअर ड्रायरचं कार्ट्रिज जुनं असेल तर घरीच बदलायचं. बीएस-6 गाडीत धूर स्वच्छ करायला युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ लागतं, त्याबद्दल लोक घाबरवतात, पण ते उणे 11 अंशांना गोठतं. श्रीनगरपर्यंतच जाणार असाल तर त्याची चिंता नको, सोनमर्ग-द्रासकडे असेल तर मात्र करा. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचा जुना सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, नव्या गाड्यांचे पंप आणि इंजेक्टर त्याने खराब होतात. टाकी जम्मूच्या पुढे भरत जा आणि अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, कारण रस्ता बंद झाला तर रांगेत किती वेळ जाईल याचा नेम नसतो.

जम्मू-काश्मीरच्या हद्दीवरच्या लखनपूरपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. उधमपूरला अडवलं. जड वाहनं कधी कोणत्या दिशेने सोडायची हे वाहतूक पोलीस ठरवतात, पाऊस-बर्फ असला की सगळंच थांबतं. इथे हुज्जत घालून फायदा नाही, आणि खरं सांगायचं तर अडवतात ते बरंच आहे. रामबन ते बनिहाल या पट्ट्यात बर्फापेक्षा वरून येणाऱ्या दरडीची भीती जास्त. मोकळ्या, सपाट जागी थांबवलंय ना, मग झोप काढून घ्या.

बर्फात चाक घसरू नये म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या उधमपूरलाच बाहेर काढून तपासल्या. साखळी विकत घेताना टायरच्या कडेवरचा आकडा दाखवायचा, 10.00-20 आणि 295/90 आर 20 यांच्या साखळ्या नीट जुळवून घ्याव्या लागतात. ढिली साखळी मडगार्ड आणि ब्रेकचे पाइप तोडते. इंजिनाचा जोर ज्या एक्सलवर जातो त्याच चाकांना साखळी हवी, नुसतं वजन पेलणाऱ्या डमी एक्सलला लावून काही होत नाही. शेजारी थांबलेल्या गाडीवरच्या एका काश्मिरी चाचांनी भावाला बसवून दाखवली: साखळी आधी जमिनीवर पसरायची, एकही कडी पिळलेली नाही ना हे हाताने चाचपायचं, मग चाकावर टाकून आतला हूक आधी आणि बाहेरचा नंतर. थोडं चालवायचं, उतरायचं, परत आवळायचं. दुसऱ्यांदा आवळताना तीन-चार कड्यांची ढील सहज निघाली. हे न करता निघालेल्यांच्याच साखळ्या वाटेत पडलेल्या दिसतात. साखळीवर ताशी 30 किलोमीटरच्या वर जायचं नाही, आणि चढ लागल्यावर नव्हे, चढाच्या आधी सपाटीवर ती लावायची.

बनिहाल-काझीगुंडचा नवीन बोगदा साधारण साडेआठ किलोमीटरचा आहे. जुन्या जवाहर बोगद्यापेक्षा तो बराच खालून जातो, त्यामुळे वरचा बर्फाळ घाट टळला. पण बनिहालकडे नुसता पाऊस असताना काझीगुंडच्या तोंडाशी पांढरं असू शकतं, आम्हाला तसंच मिळालं. गाड्यांवरून गळणारं पाणी तोंडाशी गोठतं. बाहेर पडायच्या आधीच वेग कमी करा, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा, आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) बंद. त्याचा सगळा धक्का मागच्या जोराच्या चाकांवर येतो आणि गाडीची मागची बाजू फिरते. खालच्या गियरमध्ये, ब्रेकला अगदी हलका पाय लावत उतरायचं.

मंडीत रात्र काढताना आपलं कांद्याचं रिकामं बारदान सोन्याचं ठरतं. चालून आलेले टायर गरम असतात. बर्फावर उभे राहिले की खालचा बर्फ वितळतो आणि पहाटेपर्यंत तिथे चाकाच्या मापाचा बर्फाचा खड्डा तयार होतो. सकाळी भरलेली गाडी त्यातून निघत नाही. म्हणून उभी करायच्या जागेवरचं बर्फ आधी फावड्याने काढायचं, चाकं यायच्या जागी बारदान दोन पदरी अंथरायचं आणि त्यावर गाडी घ्यायची. गाडी सपाटीवर असेल तर हँडब्रेक न लावता गियरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, म्हणजे ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून गोठत नाहीत. उतारावर मात्र हे धाडस नको. मुळात उतारावर मुक्कामच नको.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही: गाडीचं तोंड माल उतरवायच्या आधी रस्त्याकडे करून घ्या. कांदा भरलेला असताना मागच्या चाकांवर वजन असतं, पकड मिळते. रिकामी झाली की तीच गाडी त्याच आवारात जागच्या जागी फिरते. लिफ्ट एक्सल असेल तर रिकाम्या गाडीचा तो उचला, वजन जोराच्या चाकांवर येईल. आम्ही वाळूच्या गोण्याही मागच्या चाकांच्या बरोबर वर ठेवल्या.

पुलवामातल्या लासीपोऱ्याच्या शीतगृहांकडे जाणारे आतले रस्ते महामार्गाइतके लवकर साफ होत नाहीत, हे भाडं ठरवतानाच धरा. तिथल्या एका चढावर पुढची गाडी घसरली आणि मागचे सगळे चढातच थांबले. आम्ही खाली सपाटीवर थांबलो, वाट मोकळी झाल्यावर दुसऱ्या गियरमध्ये एका दमात वर गेलो. अडकलेल्या गाडीचा चालक रेस देत होता. चाक फिरत राहिलं की खालचा बर्फ शहाबादी फरशीसारखा गुळगुळीत होतो, आणि गाडी आणखी खाली बसते. त्याला थांबवून सगळ्यांनी मिळून काढली. नुसती मागची चाकं मोकळी करून भागत नाही. पुढच्या चाकांसमोरचं बर्फ काढा, आणि वाकून पोटाखाली पाहा. मागच्या एक्सलच्या मधला गोळा, म्हणजे डिफरेन्शियलचं हाउसिंग, बर्फावर टेकलं असेल तर चाकांवर वजनच येत नाही. ते खणून मोकळं केलं, चाकांखाली राख आणि बारदान सारलं, दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा डिफरेन्शियल लॉक लावला, स्टिअरिंग सरळ ठेवून हलक्या रेसवर दुसऱ्या गियरमध्ये उचलली. मागे कोणी उभं राहू नका, बारदान चाकाखालून जोरात फेकलं जातं.

अडकून पडलात आणि इंजिन चालू ठेवून केबिन गरम करणार असाल तर सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना हे दर थोड्या वेळाने उतरून पाहा, आणि काच बोटभर उघडी ठेवा. शेगडी किंवा कांगडी (काश्मिरी निखाऱ्यांचं भांडं) बंद केबिनमध्ये घेऊन झोपू नका, धुराचा वास न येताही माणूस जातो. कांदा शून्याच्या जरा खाली गेला की गोठतो आणि वितळल्यावर पाणी सोडतो. म्हणून घाट चढताना ताडपत्री पक्की बांधा, थांबलात की दुपारच्या उन्हात मागची बाजू थोडी उघडा, आणि संध्याकाळ व्हायच्या आत परत बांधून टाका.